स्पॉटरने विमान बघायचं नसतं

काही वर्षांपूर्वी मित्राने नवं आरसी विमान, म्हणजे जमिनीवरून रिमोटने उडवायचं मॉडेल, केलं होतं. दीड मीटर पंखांचं, बाल्साचं, दोन महिने रात्री जागून चिकटवलेलं. मी त्याचा स्पॉटर, उडवणाऱ्याचे दुसरे डोळे. म्हणजे शेजारी हाताची घडी घालून उभा राहून विमान बघत होतो. त्याने रनवेवरून कमी उंचीवर एक पास मारला, मी "वा!" म्हणालो आणि तेवढ्यात गाडीवाटेने एक मोटरसायकल रनवे ओलांडत आली. मागे दुधाचे दोन कॅन. मित्राने घाबरून विमान वर खेचलं, ते स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि बांधावर नाकाने आपटलं. दूधवाल्याला काही कळलंही नाही, तो तसाच पुढे गेला.

मित्राची नजर विमानावर होती, ते त्याचं कामच होतं. माझीही नजर विमानावरच होती. मग मी तिथे होतो कशाला?

आरसी विमान उडवणाऱ्याला नजर हलवता येत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापतं. दोन सेकंद दुसरीकडे बघितलं की ते ३३ मीटर पुढे गेलेलं असतं आणि कोणत्या बाजूला कललंय ते पुन्हा शोधावं लागतं. म्हणून बाकीचं सगळं, म्हणजे आकाश, रनवे, वाट, गुरं, पोरं, घारी, वारा आणि घड्याळ, हे स्पॉटरने बघायचं. विमान सोडून.

फील्डवर पोहोचल्यावर, बॅटरी जोडण्याआधी

आधी नियमांचं. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची व्याख्या आहे: एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा करमणुकीपुरता, आणि उडवायचं ते डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात. जागा निवडताना डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघायचा. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत मुभा असते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते आणि त्याच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचाही आहे, तेव्हा "आपलं छोटंसं विमान, कोण बघतंय" हा विचार घरीच ठेवून निघायचं. नकाशा बघणं हे पायलटचं काम, पण स्पॉटरने "बघितलास का?" असं विचारायचं.

मग दोघांनी मिळून मैदानाला एक फेरी मारायची. पाच मिनिटं लागतात आणि त्यातच पुढचं निम्मं काम होऊन जातं. गाडीवाट कुठून येते, मेंढपाळ कुठे बसलेत, विजेच्या तारा कुठून गेल्यात, सूर्य कुठे सरकणार आहे हे बघायचं. काठीला एक रिबन बांधून ती रनवेच्या कडेला रोवायची. ती वारा दाखवते आणि फुकट असते.

या फेरीत खुणांची नावं ठरतात. आमच्या माळावर चार आहेत: बाभूळ, टाकी, विहीर, टॉवर. ही नावं का लागतात? "डावीकडे वळ" हे वाक्य आरसीत घातक आहे. विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर त्याचं डावं ते आपलं उजवं. कुणाचं डावं, याचा हिशेब करण्यात पायलटचं एक सेकंद जातं आणि अंगठा भलतीकडे. "टाकीकडे ने" म्हटलं की हिशेबच नाही.

शब्द आधी ठरवा

नवख्या स्पॉटरची ठरलेली हाक म्हणजे "अरे अरे अरे अरे!" काहीतरी गडबड आहे एवढं पायलटला कळतं. काय, कुठे, किती लांब, यातलं काहीच कळत नाही. त्याचे हात मात्र आखडतात.

हाकेचा क्रम आम्ही ठरवून टाकलाय: काय, कुठे, काय कर. "घार, विमानाच्या वर, टाकीकडे ने." "माणूस, रनवेवर, वरच राहा." पायलटने "ऐकलं" म्हणायचं. ते आलं नाही तर हाक पुन्हा द्यायची, त्याच शब्दांत, फक्त थोडी मोठ्याने. शब्द बदलले तर त्याला वाटतं दुसरंच काही आलं.

आणखी एक सापळा आमच्या बराच उशिरा लक्षात आला. लँडिंगच्या वेळी आम्ही "मोकळा" आणि "मोकळा नाही" असे शब्द वापरायचो. मराठीत "नाही" शेवटी येतं. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात पायलटला ऐकू येतं फक्त "मोकळा", आणि तो खाली येतो. आता "मोकळा" म्हणजे उतर, आणि नसेल मोकळा तर नुसतं "फेरी!" दोन्ही शब्द कानाला इतके वेगळे लागतात की अर्धा ऐकला तरी चालतं.

पायलटने मोठ्याने सांगायच्या गोष्टी जगभर साधारण सारख्याच आहेत: टेकऑफ करताना, लँडिंगला येताना, कुणी रनवेवर पाऊल टाकताना, आणि इंजिन बंद पडलं तर "डेड स्टिक". डेड स्टिकला सगळ्यांनी वाट द्यायची, कारण त्याला दुसरी फेरी मारता येत नाही. स्पॉटरने ही हाक पुढे पोचवायची, विशेषतः दोन-तीन विमानं हवेत असतील तेव्हा.

जमिनीवरची तपासणी

इथे स्पॉटर हाच मुख्य माणूस, कारण विमान त्याच्या हातात असतं आणि पायलट लांब उभा.

रेंज चेक: ट्रान्समीटर (पायलटच्या हातातला रिमोट) कमी ताकदीच्या मोडमध्ये टाकून पायलटने साधारण ३० पावलं लांब जायचं. नेमका आकडा सेटच्या माहितीपुस्तकात असतो. स्पॉटरने विमान धरून कंट्रोल बघायचे. एखादा सर्व्हो (कंट्रोल हलवणारी छोटी मोटर) अडखळला, थरथरला की उड्डाण तिथेच रद्द. "उडाल्यावर नीट होईल" असं म्हणणारे मी बघितलेत, आणि त्यांची विमानं वेचायला त्यांच्याबरोबर गेलोही आहे.

मग दिशा. विमानाच्या शेपटीमागे उभं राहायचं. स्टिक उजवीकडे गेली की उजव्या पंखाचं आयलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, वर उठलं पाहिजे. स्टिक मागे ओढली की एलेव्हेटरची (शेपटीच्या आडव्या पट्टीची) मागची कड वर. रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवं दिलं की ते उजवीकडे. नुसतं "हलतंय, ठीक आहे" म्हणायचं नाही, प्रत्येक वेळी दिशा तोंडाने म्हणायची: "उजवं वर, डावं खाली." रात्री सर्व्हो बदलला आणि सकाळी आयलेरॉन उलटं निघालं, हा प्रकार अनुभवी लोकांच्या हातूनही होतो, कारण पायलटला जे बघायचंय तेच दिसतं.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमान आपोआप काय करतं ते: विमान पक्कं धरून ठेवा, पायलट ट्रान्समीटर बंद करेल. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही, तर सिग्नल तुटला की विमान फुल थ्रॉटलने, म्हणजे मोटरच्या पूर्ण ताकदीने, कुठेही जाईल.

धरायचं नेहमी पंखांच्या मागून. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) समोर नाही आणि बाजूलाही नाही. पातं तुटलं तर तुकडे बाजूलाच उडतात. जॅकेटच्या नाड्या, ओढणी, गळ्यातला पट्टा आत खोचून घ्या. बॅटरी जोडल्याक्षणी इलेक्ट्रिक विमान "चालू" समजायचं. ग्लो इंजिन (इंधनावर चालणारं छोटं इंजिन) निदान आवाज करतं, इलेक्ट्रिक मोटर चुपचाप असते आणि एका अंगठ्याच्या चुकीने फिरते.

कुठे उभं राहायचं

पायलटच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर. त्याहून लांब गेलात तर वारा तुमचे शब्द घेऊन जातो. पुढे गेलात तर तुम्हीच त्याच्या नजरेत येता. बाजू निवडताना लोक किंवा वाट ज्या अंगाला आहे ती घ्या. विमान हवेत असताना पायलटला हात लावायचा नाही. खांद्यावर साधी थाप पडली तरी अंगठे हलतात.

टेकऑफ आणि पहिला मिनिट

विमान रनवेवर ठेवल्यावर स्पॉटरने दोन्ही टोकांना आणि पाठीमागे बघायचं, मग "मोकळा". पाठीमागे बघणं लोक विसरतात. तिथे एव्हाना आठ-दहा पोरं जमलेली असतात आणि त्यातली दोन पुढे सरकलेली असतात.

विमान पहिल्यांदाच उडत असेल तर स्पॉटरला आणखी एक काम येतं. नवं विमान सरळ जात नाही, एका बाजूला ओढतं किंवा नाक खाली टाकतं. ते सांभाळायला पायलटचे दोन्ही अंगठे स्टिकवर गुंतलेले असतात, ही ओढ कायमची काढणारं ट्रिमचं बटण दाबायला बोट मोकळं नसतं. मग तो म्हणतो, "एलेव्हेटर, दोन टिक वर," आणि स्पॉटर हात लांबवून बटण दोनदा दाबतो. टिक... टिक. कोणतं बटण कुठे आहे हे जमिनीवरच दहा वेळा दाबून बघा. माझ्या एका ओळखीच्याने घाईत एलेव्हेटरऐवजी थ्रॉटलचं ट्रिम दाबलं आणि ग्लो इंजिन हवेत विझवलं.

नजर कशी फिरवायची

खरं काम इथून सुरू होतं, आणि खरा कंटाळाही.

माझी पद्धत अशी. आकाशाचे चार तुकडे: बाभळीपासून टाकीपर्यंत एक, असे. प्रत्येक तुकड्यावर नजर दोन-तीन सेकंद थांबवायची. सरकत्या नजरेला लांबची बारीक गोष्ट दिसत नाही, थांबलेल्या नजरेला दिसते. मग रनवे, दोन्ही टोकं. मग मान वळवून पाठीमागचे लोक. मग रिबन. मग विमानाकडे एक सेकंद, फक्त ते कुठे आहे एवढं कळण्यापुरतं, आणि पुन्हा पहिला तुकडा. कान उघडे ठेवायचे. हेलिकॉप्टर बहुतेक वेळा आधी ऐकू येतं. आवाज आला की दिसायची वाट न बघता "हेलिकॉप्टर, आवाज येतोय, खाली ये" म्हणायचं. माणसं असलेल्या विमानाला वाट आपण द्यायची, यात चर्चा नाही. वेळ नसेल तर आपलं विमान शेतात टाकायचं. पॅराग्लायडर मात्र आवाज करत नाही, म्हणून कामशेतसारख्या ठिकाणी, जिथे डोंगरावरून लोक उडतात, तिथे हंगामात आरसी घेऊन जाऊच नये.

घार. सकाळी सातला ती नसते. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर उठू लागते आणि घारी गोल फिरत चढतात. हिवाळ्यात घरटी असतात तेव्हा त्यांना आपलं विमान अजिबात खपत नाही. एकटी घार लांब घिरट्या घालत असेल तर नुसती माहिती द्या. ती पंख मिटून विमानाकडे झुकली तर हाक. बहुतेक वेळा ती वरून येते, म्हणून ताकद असेल तर विमान चढवत दूर न्यायचं, नसेल तर उतरवून पंधरा मिनिटं चहा प्यायचा. आकाश आधी तिचं आहे.

संक्रांतीच्या आसपास पतंग. पतंग दिसतो, मांजा दिसत नाही. पतंग उडवणाऱ्याकडून वाऱ्याबरोबर लांब जातो, म्हणजे मांजा असतो तो पतंगापासून वारा येतो त्या बाजूला, तिरका, जमिनीपर्यंत. तो संपूर्ण पट्टा बंद समजायचा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, पण तो कुणाच्या हातात नसेलच असं धरून उडवू नका. आम्ही जानेवारीचे दोन आठवडे विमानं दुरुस्त करण्यात घालवतो.

घड्याळही स्पॉटरकडे. ट्रान्समीटरचा टायमर असतोच, पण वाजलेला टायमर पायलटला ऐकू येत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणजे ऐकू येतो आणि "अजून एक लूप" होतो. २२०० एमएएचची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ, विमानात साधारण सहा ते आठ मिनिटं पुरते. ३० टक्के शिल्लक असताना चाकं जमिनीला लागली पाहिजेत. आम्ही पाच मिनिटांना "पाच" म्हणतो, सहाला "उतर".

"दिसत नाही!"

ही हाक पायलटची, आणि ती आली की स्पॉटरचं काम उलटं होतं. आता विमानच बघायचं, दुसरं काही नाही.

दीड मीटर पंखांचं विमान १६५ मीटरवर पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसतं. ३०० मीटरवर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि बाजूने बघाल तर नुसती रेघ. त्यात ढगाळ आभाळ असेल तर ते आपल्याकडे येतंय की दूर जातंय हे सांगता येत नाही. तुम्हाला दिसत असेल तर हात सरळ विमानाकडे ताणा आणि पायलटच्या डोळ्याशेजारी आणा, म्हणजे हातावरून नजर टाकली की त्याला विमान सापडेल. तोंडाने सांगत राहा: "टॉवरच्या वर, दूर जातंय, पंख डावीकडे कललाय." पायलटने थ्रॉटल कमी करायचं आणि थोडं वळण देऊन बघायचं, विमान कसं हलतं त्यावरून दिशा कळते.

तुम्हालाही दिसत नसेल तर लगेच सांगा. "मला वाटतं तिकडे" असा अंदाज ठोकू नका. खोटी खात्री मिळालेला पायलट विमान आणखी लांब पाठवतो.

पडलं तर

पडताना दिसलं त्या क्षणी पाय रोवा. एक इंचही हलू नका. विमान दिसेनासं झालं त्या जागेच्या मागे क्षितिजावर काय आहे ते धरा: झाड, खांब, घराचा कोपरा. मोबाइलने त्या दिशेचा फोटो काढा. पायलट शोधायला जातो, तुम्ही तिथेच उभं राहून त्याला रेघेवर ठेवता.

गेल्या वर्षी आमचं एक फोमचं विमान उसात गेलं. ऊस डोक्याच्या वर, आत शिरलं की दोन हात पुढचं दिसत नाही. शेतमालकाला विचारून आम्ही दोघं आत गेलो आणि पंधरा मिनिटांत स्वतःच हरवलो. माझी भाची मात्र रनवेच्या कडेला हात ताणून उभी होती. "मामा, तू फार टाकीकडे गेलास, मागे ये... अजून... थांब, आता सरळ." हातात ट्रान्समीटर होताच, मी रडर हलवत राहिलो आणि मधूनमधून कान दिले. सर्व्होची घुंई-घुंई ऐकू आली तेव्हा विमान माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी पहिल्यांदा पळत सुटलो तिथून ते निदान तीस पावलं बाजूला.

ट्रान्समीटर चालूच ठेवायचा, थ्रॉटल खाली. आधी विमानातली बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. आपटलेली लिपो फुगली नसली तरी लगेच गाडीत टाकू नका. मोकळ्या मातीवर अर्धा-पाऊण तास ठेवा, वाळलेल्या गवतापासून लांब.

गॉगल लावून उडवताना

एफपीव्हीमध्ये, म्हणजे विमानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवताना, स्पॉटरने विमान बघायचं नाही हा पहिला नियम लागू होत नाही. पायलटच्या डोळ्यांवर गॉगल असतात, त्याला दिसतो फक्त कॅमेऱ्यासमोरचा तुकडा. विमान प्रत्यक्ष बघणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे स्पॉटर. अमेरिकेच्या कायद्यात करमणुकीच्या उड्डाणासाठी हेच लिहिलंय: विमान एकतर उडवणाऱ्याला दिसलं पाहिजे, नाहीतर त्याच्या शेजारी उभ्या, त्याच्याशी थेट बोलू शकणाऱ्या निरीक्षकाला. मग आकाश आणि जमीन कोण बघणार? इथेही स्पॉटरच, पण विमानाभोवतीच्या टप्प्यात. म्हणून एफपीव्ही विमान जवळ आणि खाली ठेवावं, आणि हाताशी माणसं असतील तर दोन स्पॉटर घ्यावेत.

इथली ठरलेली चूक म्हणजे स्पॉटर दुसरा गॉगल लावतो किंवा मॉनिटरमध्ये डोकं घालतो. चित्र भारी असतं, मान्य. पण मग दोघंही एकाच कॅमेऱ्यातून बघतायत आणि मैदानावर आंधळे आहेत. चित्र गेलं तर पायलट "चित्र गेलं" म्हणेल, तुम्ही विमान कुठे आहे, कसं आहे, किती उंच आहे हे सांगत राहायचं, तो गॉगल वर करेपर्यंत.

स्पर्धांमध्ये हीच भूमिका आणखी धारदार होते. एरोबॅटिक्सच्या एफ३ए प्रकारात शेजारचा माणूस पुढची कसरत मोठ्याने वाचून दाखवतो. एफ३डी पायलॉन रेसिंगमध्ये तीन खांबांच्या त्रिकोणाला दहा फेऱ्या असतात, वेग असा की खांब कधी ओलांडला हे पायलट अंदाजाने ठरवू शकत नाही. वळायचा क्षण कॉलर सांगतो. तिथे जिंकताना दोघं जिंकतात.

कुणाला घ्यावं

चांगला पायलट हा बहुधा वाईट स्पॉटर असतो. तो मनातल्या मनात विमान उडवायला लागतो, त्याचे अंगठे खिशात हलत असतात. ज्याला विमानांचं फारसं वेड नाही पण आजूबाजूला काय चाललंय याची उपजत उत्सुकता आहे, असा माणूस शोधा. माझी भाची बारा वर्षांची आहे. रोल आणि लूप तिला सारखेच वाटतात, पण वाटेवरची सायकल तिला माझ्या आधी दिसते.

टोपी, पाणी, शिट्टी तिच्याकडे असते. शिट्टी पायलटसाठी नाही, गुरांसाठी आणि पोरांसाठी. दर दोन उड्डाणांनंतर स्पॉटर बदलावा, मान आणि डोळे थकलेला माणूस नुसता उभा असतो. आमच्याकडे बदलायला दुसरं कुणी नसतं, म्हणून दोन बॅटऱ्या संपल्या की सक्तीची सुट्टी. भाव ठरलेला आहे: दोन बॅटऱ्यांमागे एक वडापाव, आणि उसातल्या शोधाचे दोन.